गेममधल्या बाईले दिलेला आवाज

माय, तुले सिनेमात घातलं. मी नाही, माह्या नातीनं. ती अन् तिच्या दोन मैत्रिणी अमरावतीले कॉलेजात आहेत. कॉम्प्युटरवरच्या बंदुकीच्या गेममधली माणसं बटणं दाबून चालवतात, पडद्यावरचं ते चालणं रेकॉर्ड करतात, वरून आपले आवाज भरतात, की झाला सिनेमा. "कॅमेरा काहून नाही घेत वं?" मी विचारलं. "कॅमेरेवाले गावोगाव रडणाऱ्या बाया हुडकून राहिले, आजी. या बाहुल्यायले रडताच येत नाही." जीभ माह्यावर गेली पोरीची.

रडता येत नाही अन् बसताही येत नाही त्यायले. एका शिपायावर हिरवं लुगडं रंगवून त्याची तू केली. खाली पडलेल्या गोळ्या उचलायचं जे बटण होतं, त्यानं तू कापूस वेचला. मी हसली. मग नातीनं बटणावरचा हात काढला अन् माहं हसू गेलं. कोणी चालवत नसलं तरी ते बाहुलं श्वास घेते, माय. खांदे वरखाली होतात, मान इकडून तिकडे फिरते. चांदूर बाजारच्या स्टँडवर एसटीच्या एकेका खिडकीत तू अशीच पाहून राहिली होती.

आदल्या दिवशी तू चार बायांदेखत म्हटलं होतं, "तोंड चालते तेवढा हात चालव, नाही तर सासरचे हाकलतील." म्हणून मी न सांगता सासरी निघाली. तू फडक्यात भाकर बांधून मागून आली, "बाई वं, बाई," हाका मारत. मी सिटाखाली वाकली, चप्पल शोधल्यासारखं केलं. गाडी अकोल्याले निघाली. पंधरा दिवसांत तू तापानं गेली, अन् निरोप पोचेपर्यंत तुले जाळलंही होतं.

नातीले फक्त स्टँड माहीत आहे, चप्पल नाही. बाहेरचा आवाज नको म्हणून तिनं मले गोधडीत घेतलं, तोंडापुढं माइक धरला. "पणजी खिडकीपाशी येऊन काय म्हणली होती?"

तू खिडकीपाशी पोचलीच नव्हती. मी म्हटलं, "सुखानं जाय बाई. माहा राग नाही तुह्यावर."

शेजारीण ते पाहून डोळे पुसते. नात तिले सांगते, "खरं आहे ना मावशी, म्हणून लागते." मी भाजी निवडत राहाते.

तुले लिहिलेला हा कागद पोरीले दाखवणार नाही. दाखवला तर ती ते वाक्य काढून टाकीन, अन् मी रोज दुपारी तिच्या जुन्या फोनवर तेवढंच लावून ऐकते.