नोंद घेणाऱ्याची प्रकृती

कुंभार पिंपळगाव, ता. घनसावंगी
४ फेब्रुवारी २०२४

चि. तृप्तीस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

आईची एकतिसावी वही सोबत पाठवली आहे. जानेवारीची एकतीस पानं, एकही दिवस सुटलेला न्हाई. सकाळी सातला बारा प्रश्न, तेच, त्याच क्रमाने. तुमच्या ब्रेन बँकेच्या फॉर्मातला शंभरातून सात वजा करत जायचा प्रश्न मी पहिल्याच महिन्यात काढला होता. जी बाई शाळेची पायरी चढली न्हाई तिला वजाबाकी विचारून तुम्ही मेंदू मोजता की शाळा? त्या जागी मी तिच्यासोबत खुरपायला जाणाऱ्या बायकांची नावं विचारतो. जुलै २०२१ मध्ये अकरा सांगायची. आता दोन, त्यातलं एक तुझं.

दाराला दोन कड्या केल्यात, वर आणि खाली, आणि कुलूप आतून. चावी माझ्या गळ्यात. चार वाजले की आई खुरपायला निघते आणि दार हलवत बसते. फोन घरात बंद. फोनच्या आत बाई कोंडलीय असं वाटून आईने तिसराही दगडाने फोडला, तेव्हा पत्रावरच भागव.

आईपायी सोडून आलो त्या जालना एमआयडीसीतल्या आमच्या बियाणं कंपनीचं पत्र आलंय. उगवणशक्ती तपासायच्या खोलीचा प्रमुख म्हणून मला बोलावतात, १६ एप्रिलला हजर व्हायचं. दहावी नापास माणसाला ती खुर्ची आजवर कोणी दिली न्हाई. पंचवीस वर्षं बी मोजलं, पुस्तकं आणून स्वतः शिकलो, तेव्हा कुठं. पण नकार कळवणार आहे. पहिली मोजणी ज्याची, शेवटची त्याचीच, हा आमच्या खोलीचा नेम. माणूस बदलला की आकडा बदलतो. मेंदू तुमच्या ब्रेन बँकेला द्यायच्या फॉर्मवर आईने शुद्धीत असताना अंगठा दिला, तेव्हा तूच म्हणालीस की मागाहून सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर जे दिसतं ते हयातीतल्या नोंदीशी जुळलं तरच संशोधन पुढं जातं. मी ते विसरलेलो न्हाई.

तू मेंदूचा पापुद्रा केसाहून पातळ कापतेस आणि भाकरी मात्र अजून विटेएवढी थापतेस, असं तुझी वहिनी बेबीनंदा म्हणते. मी न्हाई.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा दादा, राजानंद

बेंगळुरू
१७ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

वही पोचली. नोंदी नेहमीप्रमाणे उत्तम. माझी विटेएवढी भाकरी वहिनीने दोनदा मागून घेतली होती, हे तिला आठवण करून दे.

वहिनीने अंगणवाडीतून फोन केला होता. दिवाळीपासून तू फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नाहीस म्हणे. कटिंगवाला घरी येतो, बी.पी.ची गोळी सरली तरी ती आणेपर्यंत तू तसाच बसतोस. दादा, बावीस वर्षं मी डिमेन्शियाने गेलेल्यांचे मेंदू तपासते. ते मेंदू घेऊन येणारे नातेवाईकही मला दिसतात. काहींकडे बघून कळत नाही की आजार नक्की कुणाला होता. तुझं तसं मला बघायचं नाही.

ती खुर्ची सोडू नकोस. जालन्याच्या अक्षताबाई १ मार्चला येतील. अशा रुग्णांचं सहा वर्षं करतात. तू त्यांना शिकव आणि १६ एप्रिलला जा.

रागावलास तरी लिहीत राहा.
तुझी तृप्ती

कुंभार पिंपळगाव
१० मार्च २०२४

चि. तृप्तीस,
जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

बत्तिसावी वही सोबत. अक्षताबाईंना चौथ्या दिवशी परत पाठवलं. हात हलका आहे, आई त्यांच्याकडून मुकाट दूध प्याली, हे कबूल. पण वहीत त्यांनी काय लिहिलं, तर आज बरी. एवढंच. बरी म्हणजे किती? कालच्यापेक्षा की परवापेक्षा? बी उगवलं का विचारलं तर कोणी बरं आहे म्हणून लिहितं का?

वरून मलाच म्हणाल्या, दादा, जरा दार उघडा, हवा येऊ द्या, म्हातारी कुठं पळते, मी आहे ना बराबर. आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडून चावी घेऊन उघडलं की त्यांनी. आईला घेऊन ओट्यावर बसल्या. आईला काही झालं न्हाई. मीच उंबरा ओलांडला न्हाई. त्या आत आल्यावर दिवसभर मी कड्या तपासत राह्यलो.

तेव्हा माझ्यावाचून हे काम होणारं न्हाई. तुझ्या संशोधनासाठी आहे, माझ्यासाठी न्हाई.

दुरून का होईना, आमची आठवण ठेव.
दादा

बेंगळुरू
२१ मार्च २०२४

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

हे पत्र तीनदा फाडलं. तुझ्या वहीचं एकही पाकीट मी फोडलेलं नाही. बत्तीसच्या बत्तीस माझ्या कपाटात आहेत, तू डिंकाने चिकटवलीस तशी.

आमच्याकडे नियम आहे, काचपट्टी वाचणाऱ्याने आधी नोंदी वाचायच्या नाहीत. वाचल्या तर डोळ्याला तेच दिसू लागतं. पण तो नियम माझा आडोसा होता. आईची पट्टी मला कुणी वाचू देणारच नाही, सख्ख्या आईचं काम सहकाऱ्याकडे जातं. म्हणजे नोंदी वाचायला मी पहिल्या दिवसापासून मोकळी होते. मला गेलेल्या माणसांचे मेंदू वाचता येतात, दादा. आई जिवंत आहे, आणि ती तुझ्या अक्षरात थोडी थोडी कमी होताना मला बघवली नसती.

तू दार लावून बसलास ते माझ्या एका वाक्यापायी. ते मी परत घेते. रोजचं पान लागत नाही. महिन्याला एक नोंद पुरते, अक्षताबाईंनी लिहिलेलीही चालते. तू जा.

क्षमा करशील तेव्हा कळव.
तृप्ती

कुंभार पिंपळगाव
१ एप्रिल २०२४

चि. तृप्तीस,
जयभीम.

तेहतिसावी वही सोबत. तुझ्या पत्राचं नवल वाटलं न्हाई. मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे.

आमच्या खोलीत मोजणाऱ्याला तपासायची एक रीत आहे. ज्याचा आकडा आधीच पक्का माहीत आहे असं एक पाकीट गुपचूप त्याच्या टेबलावर सरकवायचं. मार्च २०२२ च्या नवव्या वहीत मी तसं एक पान सरकवलं. कोणीही वाचलं असतं तर त्याच दिवशी मला विचारलं असतं. तू कळवलंस, नोंदी उत्तम.

दोन दिवस राग होता. तिसऱ्या दिवशी सातला परत वही घेऊन बसलो. कोणी वाचत न्हाई म्हणून थांबलो असतो तर मंग आतून कुलूप लावून मी इथं कशाला बसलोय, ह्याला उत्तर द्यावं लागलं असतं. वही आहे तोवर मी कामावर आहे. वही न्हाई तर नुसता कोंडलेला माणूस. आई दार हलवते, मी निदान ती किती वेळा हलवते ते मोजतो.

नकाराचं पत्र लिहून पंधरा दिवस झाले. माझी बाकी सगळी पत्रं बेबीनंदा पोस्टात टाकते, हे एक टाकत न्हाई. म्हणते, नकोच असेल तर स्वतः जाऊन टाका. फाटकापर्यंत दोनदा गेल्तो.

जमलं तर एखादं पाकीट फोड.
दादा

बेंगळुरू
७ एप्रिल २०२४

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तेहतीस वह्या वाचल्या. रजा टाकून, चार दिवसांत. १७ मार्च २०२२, आईने आज पेपर वाचून दाखवला, एकदाही अडखळली नाही. आधी हसले, मग हसू पुरलं नाही. आपल्या आईने पेपर वाचला असता तर तिने आधी तुझी दहावी परत करून घेतली असती.

पण खोटं पाकीट ते एकटं नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी तू एक ओळ आखली आहेस, नोंद घेणाऱ्याची प्रकृती. पुढे लिहिलं आहे, ठीक. एक हजार पाच पानं आणि एक हजार पाच वेळा ठीक. माझ्या पट्टीवर सगळीकडे एकसारखं दिसलं तर मी रंग चढवताना चूक झाली समजते आणि पट्टी नव्याने करायला लावते.

मी १२ तारखेला येते, महिनाभरासाठी. जयंतीला आईला घेऊन पुतळ्यापर्यंत जाऊ, सगळे. नंतर वही मला दे. गळ्यातली चावीही.

तोवर नकाराचं पत्र चुलीत घाल.
तुझी तृप्ती

जालना
२१ एप्रिल २०२४

चि. तृप्तीस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

खोली मिळाली आहे. दाराला एकच कडी. ती लावलेली असली की उठून उघडतो आणि उघडी असली की उठून लावतो, असं चाललंय. सकाळी सातला तोंडात प्रश्न येतात. समोर कोणी नसतं.

कामावर तुरीचा लॉट आहे, चारशे दाणे, ओल्या कागदात शंभराच्या चार गुंडाळ्या. काही दाणे कठीण असतात. पाण्यात ठेवून फुगत न्हाईत, उगवत न्हाईत, पण मेलेलेही नसतात. माझ्या मागे इथली माणसं त्यांना बिनदिक्कत मेलेल्यात घालत होती. त्यांचा रकाना वेगळा असतो, हे पहिल्या दिवशी सगळ्यांना उभं करून सांगितलं.

तुझ्या पहिल्या पाच पानांचे फोटो बेबीनंदाने अंगणवाडीतून पाठवले. अक्षर डॉक्टरचंच आहे. वेळ एकाही पानावर न्हाई. अक्षताबाईंना परत बोलाव, त्यांनी बरी लिहिलं तरी मी काही म्हणणार न्हाई.

चौथ्या पानावर खुरपणीच्या बायकांत एकच नाव आहे, आणि ते तुझं न्हाई. तू तिच्या समोर बसून ते लिहून घेतलंस. दार तिने त्या दिवशी एकोणीस वेळा हलवलं, तेही बराबर लिहिलंस. आणि तळाला लिहिलंस, ठीक.

वहीतली नोंद खोडायची रीत तुला सांगायची राहिली. गिरगटायचं न्हाई. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिही आणि सही कर. मी वाचणार आहे.

तुझा दादा,
राजानंद