हँडलच्या पिशवीवरचा डाग

अमळनेर, मंगळवार, संध्याकाळ

धाकटा भाऊ सायकलवर लडाखचे डोंगर पालथे घालून आज परतला. घाटांच्या गोष्टी भरभरून सांगतो, फोटो मात्र नाहीत. मोबाइल दरीत पडला म्हणे! आणि हँडलला बांधायच्या त्या कोऱ्या पिशवीवर केळीच्या चिकाचा काळा डाग. लडाखात केळी कुठली? केळी रावेरला, मामांच्या मळ्यात. मामा आजारी आहेत म्हणतात, पण बाबांसमोर त्यांचं नाव काढायची सोय नाही.

मी उगाच संशय घेतेय का? पण तो डाग...

मोरीत पिशवी घासायला घेतली. आत भाकरी थापणाऱ्या आईने विचारलं, "काय घासतेस गं?"

"याची पिशवी."

"राहू दे. चिकाचा डाग निघत नाही."

तिने तर पिशवी अजून पाहिलीही नाही.