मागे ऐकू येतंय का

३ नोव्हेंबर १९८६
त्या सकाळी पाणी भरून झालं होतं. दोन हंडे, एक बादली. भाकरीचं पीठ मळून झाकून ठेवलं आणि धुणं गच्चीवर नेलं. समोरच्या मैदानात हे खांबावर कर्णे बांधत होते. संध्याकाळी सॅमीच्या गाण्यांचा कार्यक्रम. मग नेहमीसारखंच माइकवर, "हॅलो. हॅलो. मागे ऐकू येतंय का?" मी ओला टॉवेल हलवला. "बरं," हेही माइकवरच. खाली लवकर येऊन बसलेली पोरं इकडेतिकडे बघत होती, कुणाला बरं म्हणाला हा.
आमची गच्ची म्हणजे ह्यांची शेवटची रांग.
त्याला सात वर्षं झाली. ह्यांना जाऊन पाच.
आज नळावर कळलं, सॅमी गेला. मुंबईत. लिव्हर. अडतिसावं चालू होतं.

४ नोव्हें.
टपरीवर त्याचा फोटो लावलाय, गिटार घेतलेला. हार. पुढे अगरबत्ती नाही, पेटवलेली सिगारेट उभी केलेली. एक विझली की दुसरा आपली पेटवून ठेवतो. मोठे बाप्ये एकमेकांच्या खांद्यावर रडत होते. मी दूध घेऊन उभी राहिले थोडा वेळ. मलाही वाईट वाटत होतं, पण सांगणार कुणाला? टपरीवर बाईने किती वेळ उभं राहायचं.
कार्यक्रमाच्या दिवशी तो आमच्याकडे जेवला होता. दुपारीच पिऊन आलेला. ठेचा खाऊन डोळ्यांत पाणी. म्हणाला, "वहिनी, संध्याकाळी माझा आवाज फुटला तर मिस्त्रीला बोल लावू नका. ठेच्याला लावा." ह्यांना सगळे मिस्त्रीच म्हणायचे. मग मोरीत ओकला. स्वतःच पाणी ओतून मोरी धुतली. हे कोण करतं.

६ नोव्हें.
इक्बाल आला. पिंपळगावचा, टेम्पो चालवतो. पूर्वी ह्यांचं सामान तोच न्यायचा. सॅमीवर जीव. डोळे सुजलेले.
"भाभी, मिस्त्रीने भरलेली कॅसेट आहे ना? सॅमीभाईची नाशिकची तेवढीच एक."
रविवारी मैदानात श्रद्धांजली आहे, तिथे लावायची म्हणे. त्यानेही ती पूर्वी ह्यांच्याबरोबर ऐकलीय.
"सुरुवातीचं हॅलो-बिलो काढून टाकतो. मधी कोरी जागा पण लय आहे."
"कोरी नाही ती."
"मग काय आहे त्यात?"
"मी आहे."
तो हसला. "तुम्ही पण गाता काय, भाभी?"
मीही हसले. चहा केला.
त्या सकाळी हे टेप जोडून बघत होते, म्हणून तेवढं त्यात आलं. ह्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. फोटो तीन आहेत.

७ नोव्हें.
ब्लाउज शिवायला घेतला, उलटा जोडला, उसवला. वाचनालयाचं पुस्तक उघडलं, एकच पान तीनदा वाचलं. मला अक्षरं लागली ती ह्यांच्या कर्ण्यांच्या पेट्यांवरची नावं वाचून. नाहीतर मी कुठली पुस्तकं...

८ नोव्हें.
कॅसेट एरवी वर्षातून एकदाच लावते. झिजते म्हणून. आज दोनदा लावली. टेपचा पट्टा सैल झालाय, आवाज जड येतो. हे म्हातारे झाल्यासारखे वाटतात.
"मागे ऐकू येतंय का?" मग नुसती खरखर. एवढ्यात माझा टॉवेल. मग "बरं."
कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही टवके सुरीने मोडले. म्हणजे चुकून बटण दाबलं तरी वर काही भरलं जात नाही. ह्यांनीच शिकवलेलं.
संध्याकाळी इक्बालला दिली. म्हटलं, पहिल्यापासून लावायची. एक शब्द कापायचा नाही.
"सॅमीभाईची कसम."

९ नोव्हें., रवि.
खाली गेले नाही. टॉवेल घेऊन गच्चीवर उभी राहिले. मैदान भरलेलं. देवळा, नामपूरहूनसुद्धा आले होते. माइकवाला कुणी नवीन.
इक्बालने शब्द पाळला.
"हॅलो. हॅलो. मागे ऐकू येतंय का?"
मी हात वर करेपर्यंत सगळं मैदान ओरडलं, "येतंय!" शिट्ट्या.
आणि कर्ण्यांतून ह्यांचं "बरं."
हात तसाच राहिला. मग सॅमीचं गाणं लागलं. लोक रडत होते, नाचतही होते.
राग आला का, कळत नाही. ती जागा माझी होती. पण ह्यांना एवढं मोठं उत्तर जिवंतपणी कुणी दिलं नव्हतं.
जेवले नाही.

१० नोव्हें.
इक्बाल आला, कॅसेट न घेता. पोरांना कॉप्या हव्यात. म्हणाला, "ते हॅलो ठेवू का कॉपीत? पोरांना लय आवडलं. आज टपरीवर दिवसभर तेच चाललंय. एक जण विचारतो, सगळे ओरडतात."
म्हटलं, विचार करून सांगते.
"मी उद्या माल घेऊन मुंबईला चाललो. परवा येतो. कॅसेट माझ्या घरी आहे, कपाटात. चिंता नको."
जाताना दारात थांबला. "भाभी, मिस्त्री बरं कुणाला म्हणतो?"


११ नोव्हें.
पाणी भरलं. दोन हंडे, एक बादली. मैदानात झाडलोट चालली होती, कर्णे उतरवलेले. धुणं वर नेलं. टॉवेल आधी हलवला, मग वाळत घातला.