विलासची स्पॅनिश कादंबरी

रविवार, बोरिवली

या विलासला काय म्हणावं? शेजाऱ्यापाजाऱ्यांना वैतागलेल्या माणसाची कुठलीशी स्पॅनिश कादंबरी मराठी अनुवादात वाचतोय. शेजारच्या फिलोमिनामावशींनी बेल वाजवली की नवरोबा पुस्तक घेऊन बेडरूममध्ये पळतात आणि आत एकटेच खिदळतात. मी मात्र बाहेर!

आजही तेच. मावशींना कॅनडातल्या मुलाला व्हिडिओ कॉल लावून दिला. “मम्मा, बिझी आहे,” म्हणून त्याने लगेच कट केला. नेमकं तेव्हाच आतून हसणं. मावशी म्हणाल्या, “घरात कोणी हसलं की बरं वाटतं गं.”

माझं डोकंच सटकलं. विलासला बाहेर ओढून आणलं. “वाच ना मोठ्याने. मावशींनाही हसू दे.”

बिचारा कितीतरी वेळ पानं उलटत बसला. कटकटी शेजारीण नसलेलं एकही पान त्याला सापडेना.