रांगेत माझ्या पुढे

ता. लोहारा, जि. धाराशिव

प्रिय गोरोबा,

कळंबला तुझ्या बहिणीकडे हे पत्र मिळेल, तेव्हा हाताचे प्लास्टर निघाले असावे, अशी अपेक्षा आहे.

ग्रामपंचायतीच्या मतदानादिवशी मीही रांगेत होतो. माझ्या धाकट्या शिवप्रसादने तुझी मानगूट धरून तुला बाहेर ओढले. "खुन्याला कसलं मत रं? जेलात जमा करून आलास न्हवं?" असे तो म्हणाला आणि लोक हसले. मग त्याने तुझे तोंड शाळेच्या पायरीवर आपटले, तेव्हा हसणे थांबले. दात मातीत पडले. कोणी दांडके हाणले. मनगटाचे हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. तू हात उचलला नाहीस. मीही मध्ये पडलो नाही. खुन्याचे मत कायमचे बुडते, अशी माझीही समजूत होती.

पाण्याच्या पाळीवरून तू माझ्या थोरल्या अमरनाथवर कुऱ्हाड चालवलीस, त्या सकाळी पाटाचे पाणी लाल होऊन हरभऱ्यात गेले. ते पीक आम्ही गुरांनाही घातले नाही, उभे पेटवून दिले. आमच्यात मृताला बसवून माती देतात. तुझ्या घावाने त्याची मान उभी राहीना. खड्ड्यात उतरून, माती माझ्या कोपरापर्यंत येईतो, ती मीच धरून ठेवली. हे तुला क्षमा केली म्हणून लिहीत नाही. क्षमा केलेली नाही.

तू सुटेपर्यंत तुझ्या जन्मठेपेवर मी नजर ठेवली होती. पॅरोलवर तू एक दिवस जास्त राहिलास, तेव्हा तक्रार मीच केली. म्हणून मारहाणीनंतर तहसीलला जाऊन विचारले. तेथील बाई म्हणाल्या, "आजोबा, तुरुंगात असेपर्यंतच मत देता येत नाही. सुटला की हक्क परत. नाव यादीत आहे त्यांचं." मी पुन्हा विचारले. त्यांनी पुन्हा तेच सांगितले. शिक्षा एक दिवस कमी झाली म्हणून ओरडणारा मी, ती जास्त झाल्यावर गप्प कसा बसू?

पायरीवरून पडलो, असा जबाब देऊन तू गाव सोडलेस. काल मी ठाण्यात जाऊन शिवप्रसादचे नाव सांगितले. हवालदार म्हणाला, "आजोबा, पोरगं तुमचंच न्हवं का?" मी म्हणालो, "दोन्ही पोरं माझीच." घरी येताच शिवप्रसाद विळा घेऊन माझ्यावर धावला. सुनेने हात धरला, म्हणून हे पत्र लिहू शकतो.

पत्राचे कारण असे की, जिल्हा परिषदेचे मतदान आले आहे. सकाळच्या एसटीने ये. मी फाट्यावर थांबेन. रांगेत तू माझ्या पुढे उभा राहा, म्हणजे मागून येणारा घाव आधी मला लागेल. कोणाला मत दिलेस, ते मी विचारणार नाही. बाहेर पडल्यावर तू तुझ्या वाटेने जा. माझ्या उंबऱ्यावर मात्र येऊ नकोस. आत अमरनाथची आई असते.

अमरनाथचा बाप,
गुंडाप्पा