इनेसचं पूर्ण नाव

प्रिय जावईबापू,

तुम्ही गेलात त्याला आठ महिने झाले. इतके दिवस लिहायचा धीर झाला नाही. आज लिहितेय, कारण माझ्या हातून चूक झालीय आणि ती आधी तुम्हालाच सांगायला हवी.

माझी सुजाता तुमच्या लेकीला, इनेसला, घेऊन अमेरिकेहून कायमची कोल्हापूरला माझ्याकडं आली. काल शाळेत नाव घालायला मीच गेले. ‘इनेस राऊल मेंडोझा’ लिहायला पेन उचललं आणि थबकले. रोज कुणीतरी विचारणार, कुठली गं तू? मी सरळ लिहून टाकलं, ‘इनेस सुजाता पाटील’. म्हटलं, आपल्यातली वाटेल.

घरी इनेसनं पावती वाचली. “आज्जी, यात पप्पा कुठे आहेत?”



गावाकडं, मलकापूरच्या घरी तुम्ही चुलीपुढं बसून मक्याच्या पातळ रोट्या थापल्या होत्या, आठवतं? शेजारच्या शांताक्का म्हणाल्या, “पावणं, ही तर आमची भाकरीच हाय की!” किती हसलात तुम्ही! आणि मी मेलीनं विचारलं, जन्म अमेरिकेतला, स्पॅनिश धड येत नाही, मग मेक्सिकन कसले हो तुम्ही?

तुम्ही रागावला नाहीत. सुजाता तुमचं बोलणं मराठीत सांगत होती. शाळेत स्पॅनिश बोलले म्हणून तुमच्या वडिलांनी मार खाल्ला, म्हणून तुम्हाला ती शिकवलीच नाही. तुमच्या शाळेतल्या बाईंनी राऊलचं राल्फ केलं. अमेरिकेत लोक मेक्सिकन म्हणायचे, मेक्सिकोतले चुलतभाऊ अमेरिकन म्हणून हसायचे. फॉर्मवर ‘लॅटिनो’, म्हणजे मेक्सिकोसारख्या देशांतल्या मुळाचे, यापुढं खूण करतानाही तुम्ही बिचकायचात. मोठे झाल्यावर स्वतः जाऊन राऊल परत लावून घेतलंत, मेक्सिकोतल्या रीतीनं वडिलांच्या आडनावापुढं आईचंही. मला म्हणालात, “आई, भाषा गेली. नाव तेवढं राहिलंय.”

आणि मी काय केलं? त्या बाईंनी केलं तेच! त्यांनाही ते पोराच्या भल्याचंच वाटलं असेल. मला फार लाज वाटते हो.

थोडा राग तुमच्यावरही आहे. एवढी कसली घाई होती जायची? हे सगळं लेकीला तुम्ही सांगायचं होतं.

उद्या शाळा उघडली की तिला घेऊन जाणार आहे. नवा फॉर्म मागेन. इनेस राऊल मेंडोझा पाटील, तुमच्यासारखंच वडिलांच्या आडनावापुढं आईचं. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायला मी आहे. आणि तुमचं नाव तिलाच लिहायला लावीन. तिचं मराठी अक्षर अजून वेडंवाकडं येतं. तसंच राहू दे.

तुमची,
आई