तंबूतला एकच प्रश्न

कोजे बेट,
१८ एप्रिल १९५२

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. तू पाठवलेली सुकी मासळी पोचली. खोकला कमी आहे, जेवणाचे हाल नाहीत. सुनी चालायला लागली हे वाचून एवढा हसलो की बरोबरचे दुभाषे म्हणाले, "काय रे, लग्न ठरलं की काय?"

तू प्रत्येक पत्रात एकच विचारतेस. सांगतो, पण आधी इथलं काम सांगू दे. इथलं टपाल उघडून वाचतात, म्हणून हे पत्र हातोहात पाठवतोय.

हल्ली छावणीतल्या युद्धकैद्यांना एकेक करून तंबूत बोलावतात. मी दुभाषा म्हणून साहेबाशेजारी बसतो. प्रश्न एवढाच, सुटल्यावर उत्तरेत कम्युनिस्टांकडे परत जाणार की इकडेच, दक्षिणेत राहणार? वीव्हर साहेब अमेरिकन, पंचविशीतला, घरची आठवण आली की नखं खातो. मी एकदा विचारलं, "एवढ्या लांबून आमच्या भांडणात कशाला पडलात?" म्हणाला, "शेजारी आग लागली तर झोपून राहायचं? कम्युनिस्टांना इथे अडवलं नाही तर उद्या जपान, परवा आमचं दार." मी म्हटलं, "साहेब, तुमचा शेजार फारच ऐसपैस हो!" तो हसला. मग म्हणाला, "ते माणसाला विचारत नाहीत. आम्ही विचारतो. त्यासाठीच आलोय." मनापासून बोलत होता गं. पण 'इकडेच' म्हणणाऱ्याला सिगारेट देतो, आणि दुसऱ्याकडे बघतही नाही.

ताई, मंगळवारी त्या कैद्यांच्या रांगेतून दाजी आले.

वाळलेत, पण धडधाकट आहेत. ओळख दाखवली असती तर मला तिथून उठवलं असतं, म्हणून दोघंही परके झालो. प्रश्न विचारला. "वोनसान," ते म्हणाले. त्यांना वाटत होतं, तुम्ही सगळे अजून तिथेच, उत्तरेतल्या घरी आहात. मी पुन्हा विचारल्यासारखं करून मध्येच घुसडलं, "ताई पुसानला आहे. मुलगी झालीय, सुनी. चालते."

डोळे भरले त्यांचे. "कुणावर गेलीय?"

"तुमच्यावर. काय करणार, नशीब एकेकाचं."

हसले. मग म्हणाले, "आणि आई?"

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. नाही जमलं. सांगितलं, दक्षिणेला येणाऱ्या जहाजात सगळे चढले, तुझ्या सासूबाई चढल्या नाहीत. पोरगा आला तर घराला कुलूप दिसायला नको, म्हणाल्या.

दाजींनी बाहीने डोळे पुसले. "तिला तू आहेस रे," म्हणाले. "आईला कोण आहे? वोनसानच सांग."

"एवढं काय बोलतोय तो?" साहेबाने विचारलं.

दाजींना इंग्रजीचं अक्षर येत नाही. मी साहेबाला 'इकडेच' असं सांगितलं असतं तर साहेब खूश, तू खूश, मीही सुटलो असतो. फक्त ती म्हातारी दारात बसून राहिली असती. मी म्हणालो, "घरी जायचंय म्हणतो." साहेबाने उत्तरेत जाणाऱ्यांसाठीचं पलीकडचं दार दाखवलं.

उठताना दाजी पुटपुटले, "तिला सांग, मी तुला कुठे दिसलोच नाही." मी मान हलवली. तीन दिवस तसंच लिहायला बसतोय, हात चालत नाही. तू शिव्या दे, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.

त्यांना अडवू न शकलेला,
तुझाच,
तेग्यू